अंगठा मी कोणालाही देणार नाही

मुक्काम : आपलेच गाव (नाव मुद्दाम लिहिलेले नाही, पत्र खाजगी आहे)

तीर्थस्वरूप दाजी नवनीतराव यांच्या चरणी, त्यांचा एकुलता एक मेहुणा भिला याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. पपईला यंदा भाव बरा आहे, मायचे गुडघे दुखतात पण तोंड शाबूत आहे, आणि घरची मंडळी तुमची आठवण काढतात (चांगलीच काढतात, गैरसमज नसावा). तुमची साखर कशी आहे? डोळ्यांचे ऑपरेशन केले की अजून ममताताईलाच पेपर वाचायला लावता? खोकल्याचे मात्र विचारत नाही, तो आम्ही रोज ऐकतो. तो कसा काय ऐकतो, तेही पुढे येईल.

दाजी, हे पत्र अत्यंत खाजगी आहे. एकट्याने वाचावे, ताईलाही दाखवू नये, आणि वाचून झाल्यावर फाडून टाकावे. माझ्या लेकीच्या, रुपाच्या लग्नापासून तुम्ही आमच्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही. तुमच्यामुळे ताईही नाही. चार आखाज्या गेल्या, गावच्या सगळ्या लेकी अक्षय्यतृतीयेला माहेरी आल्या, लिंबाला झोका बांधला, पोरीबाळींनी गाणी म्हटली, आणि माय दर वेळी शहाद्याच्या एस.टी.कडे बघत ओट्यावर बसून राहिली. म्हणून तुम्हाला वाटेल की मी फेट्याचा विषय काढण्यासाठी लिहितो आहे. मुळीच नाही. फेट्याचा विषय मी काढणारच नाही. एवढेच म्हणतो की, तो फेटा बँडमास्तरसाठी बांधून ठेवला होता हे फेटेवाल्याने सांगायला हवे होते. तुरा जरा उंच होता हे मान्य आहे, पण तुम्हाला तो शोभत होता. आता त्या तुऱ्यामुळे बँडवाले तुमच्याकडे बघून वाजवायला लागले, तुम्ही दोन्ही हात हलवून 'थांबा थांबा' केले, ते पाहून त्यांनी चाल वाढवली, आणि तुम्ही जितके संतापलात तितकी मिरवणूक रंगत गेली, यात आम्हा घरच्यांचा काय दोष? असो. विषय काढणार नाही म्हटले म्हणजे नाही.

मूळ मुद्दा असा की माझ्या मोबाइलवर संदेश आला. एकदा नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ, औषधाच्या गोळीसारखा. जवळच्या दुकानात जाऊन मशीनवर अंगठा लावा आणि नंबर पक्का करून घ्या, नाहीतर महिनाअखेर नंबर बंद होईल. आता एरवी मी म्हटले असते, बंद तर बंद. पण हा नंबर म्हणजे मायची संध्याकाळ आहे. तुम्हाला ठाऊक नसेल (किंवा ठाऊक असून तुम्ही पेपरामागे तोंड लपवत असाल), आपल्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते. माय रोज दिवस कलला की फोन पदरात गुंडाळून तिथे जाऊन बसते. तिला कमी ऐकू येते म्हणून फोन स्पीकरवर असतो, आणि टाकीवर पाणी भरायला अर्धा गाव असतो. ताईचा फोन आला की बादल्या थांबतात. तुमच्या घरी आज वांग्याची भाजी झाली की गिलक्याची, हे तुमच्या खांडबारा स्टेशनवरच्या माणसाला कळायच्या आधी आमच्या गावाला कळते. तुम्हाला साखर असून तुम्ही बाजाराच्या दिवशी लपून जिलेबी खाता, हे ताईने सांगितले तेव्हा माजी सरपंच रामसिंगने खरोखर हळहळून मान हलवली. आणि बोलता बोलता मागून तुमचा खोकला ऐकू आला की माय सगळ्यांना हाताने गप्प करते, नीट कान देते आणि समाधानाने जाहीर करते, "जवाईबापू घरमाज शेतस." जावई घरातच आहेत एवढे कळले, की बादल्या पुन्हा सुरू होतात. तुम्ही आमच्याशी बोलत नाही, पण तुमचा खोकला आमच्याकडे रोज येऊन जातो.

दुसरा नंबर घ्या, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले. माय म्हणाली, ताईला हा नंबर तोंडपाठ आहे, नवा नंबर ती एखाद दिवशी विसरेल आणि मग मी टाकीवर कोणाची वाट बघत बसू? शिवाय नव्या नंबरालाही अंगठा लागतोच. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच.

तरी मी सरळ जाऊन अंगठा लावून आलो असतो. पण मध्ये रामसिंग आला. (सरपंचकी गेल्यापासून त्याला सगळ्या गोष्टींतले धोके दिसतात.) तो म्हणाला, "भिला, अंगठा दिधा का आख्खा माणूस दिधा समज." अंगठा मशीनमध्ये जातो, मशीनमधून तारेत, तारेतून कुठे जातो ते मशीनवाल्यालाही ठाऊक नाही. उद्या तुझ्या अंगठ्याने कोणी तिकडे सुरतेला नंबर घेतला, दोन दिवसांनी शेत लिहून दिले, चौथ्या दिवशी लग्न केले, तर इथे बसून तुला एक जास्तीची सासुरवाडी सांभाळावी लागेल. (सासुरवाडी सांभाळणे किती अवघड असते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक?) मी आधी हसलो. मग घरी येऊन विचार केला आणि हसू गेले. कारण दाजी, थट्टा बाजूला ठेवा, पण घराची किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो. अंगठा हरवला तर काय बदलायचे? तो जन्मताना एकच मिळालेला असतो (डावा धरून दोन). ज्याला मी ओळखत नाही, जो मला ओळखत नाही, त्याच्या पेटीत माझ्या हाताच्या रेघा कायमच्या पडून राहणार, आणि तो त्यांचे काय करतो हे मला कधीच कळणार नाही! माझे डोके फिरले. मी घरात सर्वांसमोर सांगून टाकले, अंगठा मी कोणालाही देणार नाही.

मग मी खबरदारी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अंगठ्याला चिंधी बांधली. दुपारपर्यंत गावात झाले की भिलाला विंचू चावला. संध्याकाळी विंचवाचा साप झाला. लोक भेटायला यायला लागले, घरचीला चहा करता करता पुरे झाले, आणि प्रत्येक जण म्हणे, दाखव बरे अंगठा. मी म्हणे, नाही दाखवणार, ही माझी खाजगी बाब आहे. त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघत, की विष डोक्यात चढले आहे याची त्यांची खात्रीच होई. ताईने त्याच संध्याकाळी फोनवर रडून विचारले होते ना, भिलाचा हात वाचला का? ते हेच प्रकरण.

चिंधी सोडली. मग लक्षात आले की अंगठा नुसता झाकून भागत नाही, तो आपण जिथे तिथे ठेवून येतो. म्हणून शहाद्याला बाजारात चहा प्यालो की मी रुमालाने कप पुसून परत द्यायला लागलो. पहिल्या दिवशी हॉटेलवाला खूश झाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, आते उरेल कप बी धुई टाका." पुरुषोत्तमनगरला एका व्याह्यांकडे साखरपुड्याला गेलो, तिथे पाण्याचा तांब्या पुसला, ताट पुसले, निघताना दाराची कडी पुसली. त्यांना वाटले मी त्यांची अस्वच्छता काढतो आहे. आता ते आमच्याशी बोलत नाहीत. (म्हणजे न बोलणाऱ्यांत तुम्हाला जोडीदार मिळाला.)

शेवटी रामसिंग म्हणाला, एकट्याने काही होणार नाही, गावाची गुप्त सभा घेऊ. तशी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून त्याने दवंडी दिली की आज गुप्त सभा आहे, सर्वांनी वेळेवर यावे आणि बाहेर कोणाला सांगू नये. शेजारच्या गावातलेही बरेच लोक आले. मी भाषण केले. खरेच चांगले झाले. माणसाचे काहीतरी त्याचे स्वतःचे असले पाहिजे, असे मी म्हटले तेव्हा बायकांनी मान डोलावली, आणि टाळ्या पडल्या. मग ठराव झाला की गावातला एकही माणूस कोणत्याही मशीनला अंगठा देणार नाही. ठराव पक्का हवा म्हणून रामसिंगने शाईचा डबा आणला आणि म्हणाला की सही खोटी करता येते, सगळ्यांनी अंगठे उठवा. सगळ्यांनी उठवले. मीही उठवला (घाईत ठसा नुसता काळा डाग आला, त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही). मग तो अंगठ्यांनी भरलेला कागद रामसिंगने देवळाच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा मला वाटले, आपले कुठेतरी चुकते आहे. पण नेमके कुठे, ते सापडेना.

आणि मग तो दिवस आला. माय टाकीवर गेली आणि ताईचा फोन आला नाही. टॉवर बिघडला होता, हे दुसऱ्या दिवशी समजले. पण मायला वाटले, नंबर गेला. बायका पाणी भरून गेल्या, गुरे घरी आली, आणि ती फोन मांडीवर घेऊन तशीच. मी आणायला गेलो तर मला म्हणाली नाही की तुझ्या अंगठ्यापायी झाले. तसे म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती एवढेच म्हणाली की आज खोकला ऐकला नाही. दाजी, मला फार वाईट वाटले. तुमच्यावर रागही आला, ठरावावरही आला, आणि मी ठरवले की जाऊ दे तो अंगठा.

पण ठराव मीच मांडलेला. उघड कसा जाणार? डोक्यावरून टॉवेल घेतला, तोंड झाकले, आणि शहाद्याला भाग्येशच्या मोबाइल दुकानात गेलो. तिथे रांग होती. रांगेत सगळे टॉवेलवाले. आमची अख्खी गुप्त सभा तिथे तोंडे झाकून उभी होती आणि कोणी कोणाला ओळख देत नव्हते. सगळ्यांच्या पुढे रामसिंग. (मी त्याला चपलांवरून ओळखले. त्याने मला खोकून ओळख दिली, पण तुमच्या खोकल्याची सर त्याला नाही.)

माझा नंबर आला. डोळे मिटले, कुलदेवतेचे नाव घेतले आणि अंगठा मशीनवर ठेवला. काही नाही. भाग्येश म्हणाला, पुसून ठेवा. पुसून ठेवला. केसांत घासून ठेवा. ठेवला. कपाळाला घासा. घासला. मागून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे थुंकी लावा, कोणी म्हणे उलट्या बाजूने लावा, एका बाईंनी तर पिशवीतले खोबरेल काढून दिले. टॉवेल केव्हाच सुटला होता. दाजी, जो अंगठा मी चिंधीत ठेवला, तो आता बाजारभर लोक हातात घेऊन, उजेडाकडे धरून, आळीपाळीने बघत होते. दहाही बोटे झाली. शेवटी भाग्येश हात जोडून म्हणाला, "काका, तुमना अंगठाज नही शे."

पपई, दाजी. जन्मभर पपई तोडली, कच्च्या देठाचा तो चीक हातावरून वाहू दिला, धुतला न धुतला, फळे रद्दीत गुंडाळून दिल्लीच्या गाडीत भरली. त्या चिकाने रेघा पार खाऊन टाकल्या. चोर येण्याआधीच पपईने घर साफ केले होते. पहिल्यांदा मला संताप आला, की एवढा धडधाकट माणूस समोर उभा आहे आणि मशीन म्हणते कोणी नाही. पण घरी येताना एस.टी.त विचार करता करता माझी छाती फुगत गेली. ज्याचा अंगठा जगात कोणीही चोरू शकत नाही, असा आपल्या घराण्यात मी एकटाच आहे. म्हणजे माझा ठराव पाळला गेला, माझा शब्द राहिला आणि तत्त्वाचा विजय झाला. हे तुम्हाला कळवावे, एवढ्यासाठीच हे पत्र. बाकी काहीही हेतू नाही. ताईला आशीर्वाद कसा देणार, ती मोठी आहे, तिला नमस्कार.

आपला,
भिला
(सही केलेली नाही. अक्षरावरून ओळखावे.)

ता. क. : वर विजय झाला असे लिहिले आहे, ते थोडे घाईत लिहिले गेले. मायने मला पपईच्या बागेत जायची बंदी केली आणि रोज माझ्या अंगठ्याला तूप चोळत बसली. पंधरा दिवसांत रेघा उगवल्या. परत भाग्येशकडे गेलो, अंगठा ठेवला आणि मशीनवर हिरवा दिवा लागला! दुकानात टाळ्या पडल्या. भाग्येशने स्क्रीन बघितली, मला बघितले, पुन्हा स्क्रीन बघितली. म्हणाला, "काका, अंगठा तं तुमनाज शे, पन नंबर तुमना नही." मग कोणाचा? त्याने मोठ्याने नाव वाचले. दाजी, तुमचे.

आता आठवा. आमचे वडील, बापू, होते तेव्हा आपल्या घराची रीत काय होती? घरात कुठलीही नवी वस्तू आली की पहिला हात जावयाचा. ट्रॅक्टरची पहिली किल्ली तुम्ही फिरवली. विहिरीची पहिली बादली तुम्ही ओढली (आणि पडता पडता वाचलात). टीव्हीचे पहिले बटण तुम्ही दाबले, तो लागला नाही, तरी बापूंनी दुसऱ्या कोणाला दाबू दिले नाही, तुम्ही पुन्हा येईपर्यंत टीव्ही तसाच बंद होता. पहिला मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने विचारले, नाव कोणाचे? बापूंनी छाती काढून सांगितले, जावयाचे. कारखान्याचे तुमचे ओळखपत्र तेव्हा खिशातच होते. तुम्ही सही केली, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि आम्ही सगळे विसरलो. म्हणजे इतकी वर्षे आम्ही तुमच्याच नंबरावर बोलतो आहोत. तुम्ही चार वर्षे या घराशी अबोला धरला, आणि हे घर मात्र रोज संध्याकाळी तुमच्या नावाने बोलते आहे.

पुन्हा ता. क. : तेव्हा विनंती अशी की, महिनाअखेरच्या आत आपला अंगठा घेऊन शहाद्याला यावे. खांडबाऱ्याहून गाडीने नंदुरबारला उतरा, पुढे मी जीप घेऊन उभा असेन. आखाजी तोंडावर आहे, लिंब अजून भक्कम आहे, झोक्याला दोर नवा आणला आहे. (दोराला पहिला हात कोणी लावलेला नाही.)

आणखी एक : भाग्येशला मी सहज विचारले होते की त्यांनी तिकडे, खांडबाऱ्याच्याच एखाद्या दुकानात अंगठा दिला तर चालेल का? तो म्हणाला, चालेल. पाच मिनिटांचे काम आहे. हे मी तुम्हाला कळवणार नव्हतो. घरची म्हणाली, कळवा, खोट्यावर बोलावलेला पाहुणा टिकत नाही. म्हणून कळवले. आता यायचे की नाही, तुम्ही ठरवा.

राहिलेले : हे पत्र अत्यंत खाजगी असल्यामुळे पाकिटात घालण्याआधी टाकीवर एकदा मोठ्याने वाचले, काही चूक राहू नये म्हणून. गावाने एक दुरुस्ती सुचवली. बँडवाल्यांचा मजकूर काढावा असे काहींचे मत होते, पण बहुमत ठेवावा असे पडले. सर्वांनी नमस्कार सांगितला आहे. जिलेबी कमी करावी असा रामसिंगचा निरोप आहे. फेटेवाल्याला सांगून ठेवले आहे, पहिला फेटा तुमचा. तुरा हवा की नको ते तुम्ही समोर बसून सांगावे.

अगदी शेवटचे : माय म्हणते, तिचेही लिही. तिच्याच शब्दांत लिहितो : "जवाईबापूसले लिख, अंगठा तठे द्या नही तं आठे द्या, पन मन्ही ममताले लई या." मी म्हटले, अंगठा कुठेही द्या पण ममताताईला घेऊन या, असे लिहिले, आता सही. सही तिला येत नाही. तिने देवापुढची कुंकवाची वाटी आणायला लावली, त्यात अंगठा बुडवला आणि इथे खाली उठवला. तो जो लाल डाग दिसतो आहे, तो तिचा आहे. पपई तिनेही जन्मभर तोडली, त्यामुळे रेघा उठलेल्या नाहीत. मशीनने हा अंगठा घेतला नसता. तुम्ही घ्याल, असे ती म्हणते.